माझी कोरडी खोली

“ही जमीन आज कोनं सारवली?”

अकोल्याहून आलेला लिनोलियमवाला मिस्त्री बाबांच्या खोलीत उकिडवा बसून विचारत होता. मी शेजारी माझ्या खोलीत, दाराच्या फटीशी उभी होते. बाबा अंगणात खुर्चीवर खोकत होते. आईने हात पदराआड घेतले.

आमच्या अमरावतीच्या जुन्या घराची जमीन मातीची. कितीही सारवली तरी चार दिवसांत पोपडे धरायची आणि केरसुणी फिरली की धूळ उठायची. बाबांना दमा होता. थंडीतल्या कितीतरी रात्री ते उशीला टेकून बसूनच काढत. झोपायच्या खोलीत धूळ नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फरशी घालायची तर सगळं घर उकरावं लागणार, म्हणून बाबांच्या खोलीपुरतं लिनोलियम, म्हणजे जमिनीवर अंथरायचं जाड, गुळगुळीत कापड, बसवायचं ठरलं.

बाबांची खाट आदल्या रात्रीच ओसरीत काढली होती, आणि ते झोपेत असताना आईने पहाटे उठून घर सारवून काढलं होतं. नवी वस्तू येणार, तर खालची जमीन स्वच्छ नको का, एवढाच तिचा विचार. तिच्या बांगड्यांवर अजून शेण वाळलेलं होतं.

“ओल हाय माय,” मिस्त्री आवाज खाली आणून म्हणाला. “आज टाकलं तं खालून कुजन.”

आईने शेगडी पेटवून जमीन सुकवायचं सुचवलं.

“घर का पापड हाय, शेगडीवर सुकवाले?” तो हसला. उद्या त्याला परतवाड्याला एका बंगल्याचं काम होतं आणि पुढे इकडे कधी येणं होईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने गुंडाळीला पुन्हा सुतळी बांधायला घेतली. म्हणजे हीही थंडी बाबा बसून काढणार.

पहाटे मी आतून कडी लावून झोपले होते, त्यामुळे माझी खोली तेवढी सारवायची राहिली होती. हे माझ्या लगेच लक्षात आलं, पण तोंड उघडेना. शाळेत इंग्रजीतून न अडखळता उत्तरं देणारी मी, परक्या माणसासमोर मराठीत बोलायचं म्हटलं की वाक्य मनातच तीनदा बदलत असे. शिवाय दार लावून बसता येईल अशी त्या घरात माझी तेवढीच जागा होती.

शेवटी मी गादी गुंडाळून काखेत घेतली, दार सताड उघडलं आणि बाहेर येऊन भिंतीशी उभी राहिले. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोलीत. मिस्त्रीने आत जाऊन जमिनीवर तळहात दाबून धरला.

“हे बेस हाय,” तो म्हणाला. “थोडं कापा लागन.”

आधी डांबरी कागद, त्यावर हिरवट लिनोलियम, कडांना लाकडी पट्ट्या. दिवेलागणीच्या आत तो काम उरकून गेलासुद्धा. आम्ही बाबांची खाट माझ्या खोलीत नेली. आईने ओल्या फडक्याने जमीन पुसली आणि फडकं उजेडात धरून पाहिलं. मातीचा कणही नव्हता. तिच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा ताण तेव्हा कुठे सैल झाला. बाबा पाठ टेकून आडवे झाले होते आणि त्यांच्या श्वासाची घरघर, सकाळपासून पहिल्यांदाच, ऐकू येत नव्हती.

मग त्यांना मिस्त्रीचा सकाळचा प्रश्न आठवला. “पण माझी खोली आज सारवली होती कोणी?”

आईचा हात फडक्यावर थांबला.

“ते राहू द्या बाबा,” मी म्हणाले. “तुम्ही झोपा आता.”