मसणवट्याचा नकाशा

परवा गावात एक सरकारी माणूस आला होता. मोबाईलवर गट नंबर टाकला की शेताच्या चारी बाजूच्या रेघा दिसतात, असं तो सांगत होता. लोक गोळा झाले, मीपण काठी टेकत गेलो. त्यानं मला विचारलं, "बाबा, तुमचा गट नंबर सांगा."

बाजूला बसलेला माझ्याच वयाचा एक जण म्हणाला, "त्यायला नका विचारू सायेब. भलतंच काय तरी निघंल."

दोघं-तिघं म्हातारे हसले. तरण्या पोरांना काही कळलं नाही. माझे मात्र कान तापले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो ते घरीच आलो.

नामांतराच्या भांडणाचे दिवस होते ते. बोरीहून जिंतूरला जाणारी एसटी कधी चालू, कधी बंद. माझं शेत आणि चुलतभावाचं शेत शेजारीशेजारी. भाऊ वारला होता. वैनी एकटी शेती करायची, वखरसुद्धा स्वतः धरायची. मधला धुरा, म्हणजे बांध, दोन्हीकडून कोरून कोरून नावापुरता उरला होता. त्या वर्षी पाणाड्यानं हातावर नारळ धरून विहिरीची जागा दाखवली, ती नेमकी धुऱ्याला लागून. मी म्हणालो माझ्यात. वैनी म्हणाली, "न्हाई भावजी, ती माझ्यात हाय."

बाईमाणसानं चारचौघांत मला न्हाई म्हणावं, हे मला सोसलं नाही. मी नकाशा आणायला तालुक्याला गेलो.

कचेरीतल्या कारकुनानं नंबर विचारला. मी बापाच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेला नंबर सांगितला. तो म्हणाला, "काका, हा जुना सर्वे नंबर की नवा गट नंबर? आता गट पडलेत. तलाठ्याला विचारून या."

मी म्हणालो, "जमीन हाय तिथंच हाय. नंबर कशाला बदलंल? बापाचा नंबर हाय, तोच काढा."

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. आपल्याला कळत नाही असं त्या टेबलापुढं म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. शेवटी त्यानं त्या नंबराच्या नव्या गटाचा नकाशा उतरून दिला.

एसटी बंद होती म्हणून नकाशा टोपीत घालून बरंच अंतर चालत आलो. पारावर उलगडला. त्यात नुसत्या रेघा. डोळे मिटून माझ्या शेतातला दगड न् दगड सांगितला असता, पण त्या कागदात मला माझं शेत सापडेना. एका कोपऱ्याला पोट सुटल्यासारखं होतं. त्यावर बोट ठेवून मी म्हणालो, "ही इहिरीची जागा. माझ्यातच येतीय."

वैनी पदर सावरून लांब उभी होती. "भावजी, त्यात माझं शेत कुठं हाय, तेवढं दाखवा."

"तुमाला काय कळतंय नकाशातलं?" मी म्हणालो.

ती गेली. मी जिंकल्यासारखा बसलो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. तिचं तोंड कायमचं बंद व्हावं म्हणून मोजणीचा अर्ज टाकला.

मोजणीदार साखळी, झेंडे घेऊन आला त्या दिवशी अर्धं गाव धुऱ्यावर. तो स्वतःचा नकाशा काढायला लागला तर मी म्हणालो, "सायेब, नकाशा हाय माझ्याजवळ." त्यानं माझा कागद घेतला, नंबर बघितला, पुन्हा शेताकडं बघितलं.

"हा कुणाचा आणलाय?"

"माझाच. बापजाद्याचा."

"काका, हा गट ओढ्याकडचा आहे. गावाचा मसणवटा आहे हा."

मग मागून एक जण म्हणाला, "जागा आधीच धरून ठिवली म्हणायची गड्यानं."

सगळा धुरा हसला. माझा गडीसुद्धा तोंड फिरवून हसत होता. एकटी वैनी हसली नाही. ती खाली मातीकडं बघत राहिली. ती हसली असती तर मला भांडता आलं असतं.

साखळी फिरली. झेंडा रोवला तो विहिरीच्या जागेच्या अलीकडं, माझ्या बाजूला. जागा तिचीच निघाली. जाताना ती म्हणाली, "पाणी लागलं तर तुमची जनावरं बी इथंच येऊ द्या, भावजी."

"आमच्या जनावरांला पाणी हाय," मी म्हणालो. नव्हतं.

तिच्या विहिरीला पाणी लागलं, गोड लागलं. मी मात्र बैल तिच्या हौदाला वळसा घालून ओढ्यावर न्यायचो. घरात बायको बोलायची, मी ऐकायचो नाही. उन्हाळ्यात ओढ्यात नुसती वाळू राहिली. एका दुपारी बैलांनी हिसका दिला. कासरा माझ्या हातातून निसटला आणि जोडी धुरा ओलांडून थेट हौदावर गेली.

वैनी तिथंच होती. ती बाजूला सरकली. पाणी खाली गेलं तसं तिनं बादलीनं आणखी ओतलं. मी धुऱ्यापाशीच थांबलो.

"भावजी, तुमी बी या की. लय ऊन हाय."

"मला तहान न्हाई," मी म्हणालो. जीभ टाळूला चिकटली होती, त्यामुळं ते नीट बोलताही आलं नाही.

बैल पोटभर पिऊन आपणहून माघारी आले. त्यांच्या तोंडातून पाणी गळत होतं. मी झेंड्याच्या जागी बसवलेल्या दगडापाशी उभा होतो, माझ्या बाजूला.