हाजराबीच्या चावीच्या मोटारी

महाडच्या हाजराबीचा नवरा रऊफ मस्कतला ट्रक चालवायचा. सुट्टीवर यायच्या आधी तो फोनवर विचारायचा, "काय आणू?" १९९४ साली हाजराबीने सांगितलं, "चावीची मोटार. पत्र्याची, जुनी." रऊफला वाटलं, लाइन खराब आहे. त्याने पुन्हा विचारलं, उत्तर तेच आलं.

हे वेड रद्दीच्या दुकानात लागलं होतं. भंगाराच्या ढिगात तिला एक लाल मोटार दिसली. चाक वाकडं, चावी गायब. दुकानदाराने ती तशीच देऊन टाकली. हाजराबी शिवणकाम करायची, त्यामुळे मशीनचं तेल आणि बारीक पेचकस घरात होताच. मोटारीचे दोन भाग जोडणारे पत्र्याचे दुमडलेले कान सुरीने हळूच उघडायचे, स्प्रिंग उडू नये म्हणून ती आधी दोऱ्याने बांधायची, हे ती चुकतमाकत शिकली. पहिल्या दिवशी स्प्रिंग थेट सासूच्या चहात जाऊन पडली होती.

२००१ पर्यंत काचेच्या कपाटातला डिनर सेट माळ्यावर गेला आणि तिथे एकेचाळीस मोटारी आल्या.

पोलादपूरच्या शिक्षिका सरिता एकदा ब्लाउज शिवायला टाकायला आल्या आणि कपाटासमोरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाभी, आमच्या सासूबाईंच्या ट्रंकेत अशीच एक आहे. पण त्या कुणाला हात लावू देत नाहीत."

रविवारी हाजराबी एसटीने पोलादपूरला पोचली. मोटार आपल्याला मिळते का विचारून बघायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

सरिताच्या सासूबाई सुंदराबाईंनी मात्र आढेवेढे न घेता ट्रंक उघडली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली निळी मोटार निघाली. खिडकीत टोपीवाला ड्रायव्हर रंगवलेला, चावी दोऱ्याने बांधलेली. एवढी कोरी मोटार हाजराबीने आजवर पाहिली नव्हती.

"आमचे हे महाबळेश्वरला एका बंगल्यात माळी व्हते," सुंदराबाई म्हणाल्या. "आंबेनळी घाटातनं चालत आले ही घेऊन, पोरासाठी. मी म्हनलं, मोडून टाकील. ठेवून दिली."

"आणि ठेवूनच दिली," आतून त्यांचा मुलगा बुद्धरत्न म्हणाला. तो तहसील कचेरीत कारकून होता, वय पंचेचाळीस. "मी पाच वर्षांचा होतो. आई दिवाळीला एकदा लांबून दाखवायची."

सुंदराबाईंनी मोटारीवरून पदर फिरवला. मग मोटार हाजराबीकडे सरकवत म्हणाल्या, "चालती का बघ गो बाय."

चावी फिरेना. हाजराबीने ओटीवर बसून मोटार उघडली. आतलं तेल वाळून गुळासारखं घट्ट झालं होतं. रॉकेलने चक्रांचे दाते पुसले, पिशवीतून आणलेलं नवं तेल सोडलं, पत्र्याचे कान पुन्हा दुमडले. तासाभराने तिने चावी सुंदराबाईंपुढे धरली.

"मला नको," त्या म्हणाल्या. "बुद्धा, इकडं ये. घे, खेळ आता."

बुद्धरत्न हसला, बायकोकडे बघून थोडा लाजला, मग सदऱ्याच्या बाह्या सारून खाली बसला. चावी भरून त्याने मोटार सोडली. ती घरघरत शेणाने सारवलेल्या जमिनीवरून धावली आणि भाताच्या कणगीला जाऊन धडकली. सुंदराबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या ते थांबेचनात.

जायची वेळ झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही हवी व्हती ना तुला? तो सोडील तर ने."

बुद्धरत्न तेराव्यांदा चावी भरत होता. हाजराबी म्हणाली, "राहू दे मावशी. त्याचं अजून खेळून नाही झालं." तिला वाईट वाटायला हवं होतं, पण परतीच्या एसटीत ती एकटीच हसत होती.

बुद्धरत्नने कचेरीत ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. मग लोक आपापल्या ट्रंका धुंडाळून मोडकी खेळणी घेऊन येऊ लागले. हाजराबी दुरुस्त करून द्यायची. अट एकच, पहिली चावी मालकाने स्वतः तिच्यासमोर भरायची. पुढच्या मे महिन्यात पाचाडचे एक निवृत्त हेडमास्तर धोतर सावरत तिच्या पडवीत ओणवे झाले, आणि त्यांची मोटार पायरी उतरून थेट शेजाऱ्याच्या कोंबड्यांत घुसली.