थोरल्याचा उपास
वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी आम्हा मराठी ज्यूंच्या घरी थोरल्या मुलानं उपास धरायचा असतो. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, एका रात्री घरोघरची पहिली मुलं गेली, आमची वाचली, त्याची ती आठवण. मूल लहान असेल तर त्याच्या वतीनं बापानं धरायचा. बापही थोरला असेल तर त्याचा स्वतःचा असतोच, मग मुलाचा आईनं. आमचे बाबा थोरले, म्हणून दादा जाणता होईपर्यंत त्याचा उपास आईच धरायची.

मी शेंडेफळ. माझ्यासाठी कोण उपाशी राहणार? मला भारी राग यायचा. म्हणूनच आमच्या जुन्या ग्रंथांतल्या गोष्टी माझ्या लाडक्या. तिथे पहिला मुलगा म्हणजे बापाच्या बळाचं पहिलं फळ, देवाच्या मालकीचा, केवढा त्याचा थाट! आणि तरी एक थोरला भुकेपायी मसुरीच्या आमटीवर आपला हक्क सोडून देतो. एक आजोबा मुद्दाम हातांची फुली करून उजवा हात धाकट्या नातवाच्या डोक्यावर ठेवतात. लिहिणाऱ्यांची कमालच म्हणायची. ज्याला डोक्यावर घेतलं, त्यालाच खाली उतरवायला ते कचरले नाहीत.

यंदा दादाचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी उपास बंद केलेले. पण हा पक्का हट्टी, सानपाड्याच्या घरी सकाळच्या गोळ्यासुद्धा न घेता बसून राहिला. मी पोचले तेव्हा चेहरा पार उतरलेला, वहिनी टेन्शनमध्ये. मी तोंड सोडून पाहिलं, ढिम्म हलला नाही. मग ऐंशी ओलांडलेल्या आईनं आपला चहा बाजूला सारला आणि वहिनीला त्याचं ताट वाढायला सांगितलं. त्याचा उपास आता माझ्याकडे, म्हणाली.

ते फक्त लहान मुलांसाठी असतं, असं मी तिला बजावलं.

"मग हा कुठे मोठा झालाय?"

दादा मुकाट्यानं आमटीभात जेवला, गोळ्या घेतल्या.

दुपारी आई उपासानं थकून आडवी झाली तेव्हा मला राहवेना. उरलेला उपास मी धरते म्हटलं, आणि त्याबरोबर इतक्या वर्षांचं साठलेलंही तोंडातून निघून गेलं. "माझ्यासाठी कधी राहिलीस गं उपाशी?"

आईनं माझा हात धरला. "पहिला देवाचा असतो. त्याला दरवर्षी मागून घ्यावं लागतं. तुला कोणाकडे मागायचं? तू माझीच होतीस."

दिवे लागेपर्यंत मीही तोंडात काही घातलं नाही.