'मला' म्हणजे माकाच मां?

मालवणच्या बंदरातून आगबोट गाठायची तर आधी पडावात बसावं लागे. बोट खोल पाण्यात उभी असायची, आणि माणसं, ट्रंका, आंब्यांच्या करंड्या सगळं पडावातून तिच्याकडे जायचं. मी मॅट्रिक होऊन मुंबईला कॉलेजात निघाले तेव्हा बाबा पडावापर्यंत पाण्यात उतरून आले. आयुष्य गलबतावर काढलेला माणूस. निरोपाचं काही बोलतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "होडयेत उभी रव नको. बस." मी बसले. किनाऱ्यावरून आई ओरडली, "पोचलंस काय कागद घाल गो!" ती स्वतः निरक्षर. माझा कागद शेजारच्या कोणाकडून तरी वाचून घेणार होती.

गिरगावात आत्याच्या दोन खोल्यांत माझी सोय झाली. पहिल्याच महिन्यात कॉलेजात प्राध्यापकांनी मला काही विचारलं आणि मी उभी राहून म्हणाले, "माका ठाऊक नाय." वर्ग हसला. कोणी दुष्टपणाने हसलं नाही, प्राध्यापकही नुसते मिस्किल हसले. पण त्या दिवसापासून मी तोंड उघडण्याआधी वाक्य जुळवून घेऊ लागले. दिवाळीपर्यंत माझं 'माका' गेलं, वर्षाअखेर 'कुठे'च्या जागचं 'खंय' गेलं. माझ्यासारखे जे गावातून निघून गेले, त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिले, त्यांना मात्र हे कसं घडतं ते मी आजवर नीट सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी फळ्यावर एक सूचना लागली. खेड्यांतल्या शाळेत न जाणाऱ्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या एका मंडळाला उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजचे विद्यार्थी हवे होते. थोडं प्रशिक्षण, मग दीड महिना खेड्यात काम. जाण्यायेण्याचा खर्च मंडळाचा. खरं सांगते, मी नाव दिलं ते त्या शेवटच्या वाक्यासाठी. फुकटात घरी जायला मिळणार होतं. इतर मुलं देशाच्या उभारणीबद्दल बोलत होती, आणि मी आईच्या हातच्या माशांच्या तिखल्याचा विचार करत होते.

प्रशिक्षणात आम्हाला पक्कं बजावलं होतं की मुलांशी शुद्ध मराठीतच बोलायचं, म्हणजे पुस्तकातलं अक्षर आणि कानावर पडणारा उच्चार यांची फारकत होणार नाही. मग कोणाला कुठे पाठवायचं हे ठरलं. "तुम्हाला तिकडची बोली येते," असं म्हणून मला धामापूरला नेमलं. म्हणजे मला बोली येते म्हणून निवडलं आणि ती बोलायची नाही असं सांगितलं. यात काही चमत्कारिक आहे असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

धामापूरला आईच्या एका चुलतबहिणीकडे मी उतरले. देवळाच्या सभामंडपात दुपारी वर्ग भरायचा. दहा-बारा मुलं यायची, बहुतेक मुलीच. सकाळभर काजू गोळा करून येत, त्यामुळे बोटांना चीक लागून कातडी काळी पडलेली आणि सोललेली. पेन्सिल धरताना त्यांना झोंबायचं. मी म्हणायचे, "बाळांनो, आज आपण 'म' हे अक्षर शिकू." मुली माझ्याकडे टकामका बघायच्या. चौथ्या दिवशी एकीची आई मंडपाच्या पायरीशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाय, खंयच्या कचेरीतसून इलंस?" गावात अशी भाषा फक्त कचेरीतले लोक बोलत. मी जमिनीची मोजणी करायला आले की काय, अशी तिला धास्ती होती.

रविवारी मी मालवणला घरी गेले. आईने पेज वाढली आणि विचारलं, "मीठ होया गो?" मी म्हणाले, "नको, बरोबर आहे." तिचा हात मिठाच्या बरणीवरच थांबला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पावण्यांसारख्या बोलाक लागलंस." रागाने नाही म्हणाली, नुसतं पाहिलेलं सांगितलं. मी गडबडून मालवणीत काहीतरी बोलायला गेले, तर तेही मुद्दाम केल्यासारखं वाटलं. धड हे नाही, धड ते नाही. त्या दिवशी मी जेवण लवकर आटोपून बाहेर पडवीत जाऊन बसले.

माझ्या वर्गात शेवंती नावाची मुलगी होती, अकरा वर्षांची. सगळ्यांत थोराड आणि सगळ्यांत हुशार. अक्षरं तिने पंधरा दिवसांत उचलली. गावच्या शाळेचे परब गुरुजी भले गृहस्थ. त्यांनी कबूल केलं होतं की मंडळाच्या परीक्षेत जी मुलं उत्तीर्ण होतील त्यांना जूनमध्ये एकदम तिसरीत बसवून घेऊ. शेवंतीच्या वडिलांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "बारक्या पोरांत माझा चेडू बसाचा नाय. तिसरेत घेतल्यानी तर धाडतलंय. नायतर ऱ्हवांदे."

परीक्षा घ्यायला मंडळाचे पर्यवेक्षक आले. देशावरचे निवृत्त शिक्षक, धोतर-कोट, उन्हाने लाल झालेले, पण मुलांशी फार मायेने वागणारे. त्यांनी शेवंतीपुढे पुस्तक धरलं. पानावर चित्राखाली होतं, 'आई, मला भात वाढ. घरात दिवा आहे. बाबा कोठे गेले?'

शेवंतीने एकेका शब्दाखाली बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "आवशी, माका भात वाढ. घरात दिवो आसा. बापूस खंय गेलो?"

पर्यवेक्षक गोंधळले. "हे कुठं लिहिलंय, बाळ?"

"हय," असं म्हणून शेवंतीने बोट दाखवलं.

त्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिने पुन्हा तेच वाचलं, जरा मोठ्याने, त्यांना ऐकू कमी येतं असं समजून. मग ते माझ्याकडे वळले. "तुमचं मत काय? ही वाचते, की चित्र बघून नि ऐकून ठेवलेलं म्हणते?"

मला खरोखरच सांगता येईना. तिचं बोट योग्य शब्दावर होतं. पण तोंडातून निघत होतं ते पानावर नव्हतं. वाचन कशाला म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मंडपात सगळ्यांसमोर "तिचं बरोबर आहे" म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणाले, "नक्की सांगता येत नाही." त्यांनी सुस्कारा टाकला आणि वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'अजून तयारी नाही.'

दुसऱ्या दिवशी शेवंती आली नाही. मी तिच्या घरी गेले. ती गोठ्यापाशी शेण काढत होती. मी पाटीवर एक वाक्य लिहिलं, कुठल्याही पुस्तकात नसलेलं. 'शेवंतीची म्हैस तळ्यात बसली.' पाटी तिच्यापुढे धरली. तिने हात परकराला पुसले, ओठ हलवत वाचलं आणि एकदम हसली. "आमची म्हस तळ्यात बसणा नाय गो बाय, व्हाळात बसता!"

मी तिथेच खाली बसले. ती वाचत होती. नुसती वाचत नव्हती, जे वाचलं ते तपासून, तळं नव्हे ओढा, अशी चूकही काढत होती.

पर्यवेक्षक तोवर पुढच्या केंद्रावर, बांद्याला गेले होते. मी पहाटेची एस.टी. पकडली, कुडाळला गाडी बदलली, आणि बाजारातून विचारत विचारत त्यांच्या मुक्कामी पोचले तेव्हा ते जेवायला बसत होते. त्यांनी माझंही पान मांडायला लावलं. मी न जेवताच सगळं सांगून टाकलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मुली, तुझं मला पटतंय. पण उद्या शाळेत ती असं वाचेल तेव्हा मुलं काय करतील?"

 मुलं काय करतील हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"लिहिलंय तसं वाचायला शिकव," ते म्हणाले. "चार दिवसांनी गुरुजींनाच ऐकू दे. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही." आणि त्यांनी परब गुरुजींच्या नावाने तशी चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन मी तशीच उपाशी परतले.

चार दिवसच हातात होते. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत मला मुंबई गाठायची होती. मी शेवंतीला घेऊन बसले. ती 'माका' म्हणाली की मी थांबवायची.

"काय लिहिलंय? म... ला."

"मला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पण बाय, 'मला' म्हणजे माकाच मां?"

"हो."

"मगे?"

  मी म्हणाले, "शाळेत असंच म्हणतात." तिने मान डोलावली. मोठ्या माणसांचं काही खरं नाही, पण ऐकावं लागतं, अशी ती मान होती. तिसऱ्या दिवशी ती एकदाही चुकली नाही. चौथ्या दिवशी मी तिला गुरुजींकडे घेऊन गेले, मागून तिचे वडील आले.

गुरुजींनी स्वतःजवळचं एक जुनं पुस्तक उघडलं. शेवंतीने वाचलं. प्रत्येक शब्द छापल्यासारखा, एका सुरात, शब्दांमध्ये सारखं अंतर ठेवून. गुरुजी खूश झाले. "बरां वाचल्यान. आता सांग बघू, ह्याचो अर्थ काय?"

शेवंती गप्प. तिने माझ्याकडे पाहिलं. अर्थ तिला ठाऊक होता, मी पैजेवर सांगते. पण तो ज्या भाषेत ठाऊक होता ती बोलायची की नाही, हे तिला ठरवता येईना. चार दिवस मी तिला तेच बंद करायला शिकवलं होतं. मी 'बोल' म्हणणार होते. पण तोंड उघडेपर्यंत गुरुजींनीच पुस्तक मिटलं. "ऱ्हवांदे, घाबारला चेडू. तिसरेत घालूया."

तिच्या वडिलांनी मला हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, मला कुठे बघावं कळेना. बाहेर आल्यावर शेवंतीने मला हळूच विचारलं, "बाय, आता बरोबर वाचलंय मां?"

मी म्हणाले, "अगदी बरोबर." आनंदाचाच दिवस होता तो. मुलगी शाळेत जाणार होती. मग आगबोटीच्या कठड्याला टेकून मी किनारा दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले तेव्हा माझ्या हातून बरं झालं की वाईट, हे मला का ठरवता येत नव्हतं?

पुढे माझी पदवी झाली, मुंबईतच नोकरी लागली, लग्न झालं. घरात प्रमाण मराठी, ऑफिसात निम्मं इंग्रजी. शेवंतीची वर्षाला एखाददोन पत्रं यायची. 'सौ. बाय यांस सा. न. वि. वि.' अशी सुरुवात, सुवाच्य अक्षर, ऱ्हस्वदीर्घ चोख. मी ती पुन्हा पुन्हा वाचायची, काहीतरी सापडेल म्हणून. सगळं बिनचूक असायचं.

मध्यंतरी वडील आजारी म्हणून मी मालवणला गेले होते. ते जरा उठून बसू लागल्यावर मी मसुऱ्याला शेवंतीला भेटायला गेले. सातवीची फायनल करून ती आता तिथल्या शाळेत पहिलीच्या वर्गावर शिक्षिका आहे. नऊवारीतली, वेणीत अबोलीचा वळेसर माळलेली शेवंती मला बघून धावतच आली. "बाई, तुम्ही? आधी कळवलं असतंत तर!" माझ्या तोंडून गेलं, "कळवन काय करू, इलंय मगे." ती प्रमाण मराठीत बोलत राहिली, मी मालवणीत. कोणीच मागे सरेना, आणि दोघींनाही ते कळत होतं.

मग मी तिला ती गोष्ट विचारली. 'आवशी, माका भात वाढ.' ती हसायला लागली. "मी असं वाचत होते? शक्यच नाही बाई! तुम्हीच काहीतरी घोळ करताय." तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तिला आठवत होतं ते एवढंच, की मी तिच्यासाठी बांद्यापर्यंत गेले आणि न जेवता परत आले. "बाबा अजून सांगतात," ती म्हणाली. "मला शाळा मिळाली ती तुमच्यामुळे."

मी विचारलं, "वर्गात पोरां 'माका' म्हणतत तेव्हा काय करतंस?"

ती थोडी गंभीर झाली. "सुधारते. नाहीतर पुढे हसतात ना सगळे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत."

इतकी वर्षं मी एका मुलीचं काही हिरावून घेतलं म्हणून मनात कुढत होते, आणि ती त्याच गोष्टीबद्दल माझे उपकार मानत होती. दोघींपैकी कोण चुकतंय? तिच्याजवळ शाळा आहे, पगार आहे, मान आहे. मी काय गमावल्याचं दुःख करते आहे, आणि ते तिचं आहे की माझंच?

मसुऱ्याहून परतताना एस.टी.त शेजारच्या बाईने विचारलं, "खंयच्या गो तुम्ही?" मी क्षणभर अडखळले. मालवण म्हणावं की मुंबई, आणि कोणत्या भाषेत म्हणावं? मी म्हणाले, "हयचीच." तिने माझ्या पर्सकडे, चपलांकडे बघितलं आणि नुसतं "बरां" म्हटलं. तिला पटलं असं दिसलं नाही.

तुम्ही जे तिथेच राहिलात, तुम्हाला वाटतं आम्हाला घर म्हणजे काय ते दुरून जास्त कळत असेल. तसं काही नाही. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई उंबऱ्यात उभी होती. "इलंस?" ती म्हणाली. "इलंय," मी म्हणाले. एवढं विचार न करता आलं. मग ती बाजूला झाली, मी आत गेले, आणि पुढचं वाक्य कोणत्या भाषेत बोलायचं ते ठरेपर्यंत मागच्या दारी पाय धूत राहिले.