एका ओठावर दोन बाजे

माझे गाल फुगतात, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर सांगण्यात आलं. तोवर अर्धं आयुष्य मी लग्नाच्या वरातींपुढं ट्रंपेट वाजवत आले होते. गाल न फुगवता ते वाजत असतं, तर माळेगावातल्या यच्चयावत सासवांनी वाजवलं असतं. पण आमचे धाकटे दीर बँडचे मालक, आणि मालकाला जे दिसतं ते इतरांनी बघायचं असतं.

"वहिनी," ते म्हणाले, "आता लोकं समदं मोबाईलवर काढत्यात. ट्रंपेट फुकताना तुमचं गाल भोपळ्यावानी दिसत्यात. सॅक्सोफोन घ्या. त्यो बाईमाणसाला शोभून दिसतो."

तुळशीचं लग्न लागेपर्यंत, म्हणजे लग्नसराई सुरू व्हायच्या आत, हात बसला तर ठीक. नाही तर आता नातवंडं सांभाळा, असंही वर ऐकवलं. खरं कारण ओसरीवर मांडी घालून चहा पीत होतं. दिरांचे जावई. नोकरी सुटली म्हणून सासुरवाडीला येऊन राहिले होते आणि सहा महिन्यांत ट्रंपेट शिकले होते. मुखडा त्यांना द्यायचा होता. मुखडा म्हणजे गाण्याची पहिली ओळ. ती ट्रंपेटनं एकट्यानं उचलायची, मग बाकीच्या बँडनं मागून यायचं. इंदापूरकडं माझ्या वडिलांचा बँड होता. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुखडा माझ्या हातात दिला. सासरी आल्यावर पहिली काही वर्षं मी फक्त बँडच्या लाल कोटांना इस्त्री केली. मग एकदा ऐन लग्नाच्या सकाळी ट्रंपेटवाला दुसऱ्या बँडला जाऊन मिळाला, आणि पदर खोचून मी उभी राहिले. ती उभीच होते.

शहाण्या बाईनं त्या दिवशी दिरांच्या डोक्यात ट्रंपेट घातलं असतं. मी काय केलं? आत जाऊन आरशापुढं गाल फुगवून बघितले. समोरून, मग बाजूनं. त्या बाईची आठवण झाली की आजही मला हसू येतं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. बरं, बघून झाल्यावर बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणाली काय, तर शिकते.

नवऱ्याला मात्र मी रात्रीच्या जेवणाला सांगितलं की सॅक्सोफोन शिकणार आणि ट्रंपेटही सोडणार नाही. ते बँडमध्ये ढोल वाजवायचे आणि घरात गप्प बसायचे. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि एवढंच विचारलं, "एका ओठावर दोन संसार हुत्याल का?"

प्रश्न बरोबर होता, पण मी रागात होते, त्यामुळे तो मला टोमणा वाटला.

आधीचा सॅक्सोफोनवाला गेल्यापासून बाजा पेटीत पडून होता. शिकवायला कुणी नव्हतं. सुनेच्या मोबाईलवर एक माणूस हिंदीत शिकवायचा: डाव्या हाताचं मधलं बोट एकटं ठेवा, हा झाला सा. मी गोठ्यात बसून ठेवलं. ट्रंपेटला तीन खटके असतात आणि सगळा खेळ ओठांचा; ओठ घट्ट आवळायचे, थरथरवायचे, दमात सूर वर काढायचा. सॅक्सोफोनच्या तोंडाला वेताची पातळ पट्टी असते. तिच्यावर तसे ओठ आवळले की ती किंचाळते. मी जन्मभर ओठ आवळलेले, मला सैल सोडणं कुठून जमणार? पहिला आठवडा नुसत्या किंकाळ्या. म्हशीनं पान्हा चोरला. सून म्हणाली, आत्याबाई, तुम्ही तरी उसात जाऊन वाजवा. मग मी उसाच्या बांधावर बसायला लागले.

हळूहळू ओठ सैल सुटले. लग्नात सगळ्यांच्या पायात असतं ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बसलं. फक्त संध्याकाळी ट्रंपेट तोंडाला लावलं की वरचे सूर निसटायचे. दोन्ही बाजे सवतींसारखे वागत होते. एकीची मर्जी सांभाळली की दुसरी तोंड फिरवी.

बँडची तालीम दिरांच्या अंगणात व्हायची. मला बोलावणं आलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, तुम्ही जुन्या, तुम्हाला तालीम कशाला. मला हा मान वाटला. घ्या! पन्नाशीची घोडी आणि तिला मान वाटला.

पहिलं लग्न इंदापूर तालुक्यात, डाळिंबाच्या बागायतदाराकडं. दुपारी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. जावईबापूंनी मुखडा उचलला. बरा उचलला, खोटं कशाला बोलू. एक फेरी झाल्यावर दिरांनी बोट केलं, आणि पुढची ओळ मी एकटीनं सॅक्सोफोनवर घेतली. काय सांगू, बायका घोड्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघायला लागल्या. मोबाईल वर झाले. मी मान तिरकी केली, जरा डोळेही मिटले.

मग सगळा बँड माझ्यात मिसळला, आणि एका रस्त्यावर दोन गावांच्या जत्रा घुसाव्यात तसं झालं. गाणं तेच, ताल तोच, पण ते एकीकडं आणि मी दुसरीकडं. मला वाटलं जावई चुकले, म्हणून मी आणखी जोरात फुंकलं. घोड्यानं कान मागं टाकले.

दिरांनी हात वर करून बँड थांबवला आणि नवरदेवाच्या चुलत्यामालत्यांसमोर म्हणाले, "वहिनी, वय झालं आता तुमचं. जावा, टेंपोत बसा."

मी गेले. टेंपो वरातीच्या मागं हळूहळू चालत होता. मी रागानं सॅक्सोफोन मांडीवर आपटला. पण कानाला राग येत नाही, त्याला खोट ऐकू येते. पुढं बँड त्याच गाण्यावर होता. मी मधलं बोट ठेवून फुंकलं: खोटं. आणखी एक बोट: तरी खोटं. डाव्या हाताची तिन्ही बोटं ठेवली आणि सूर त्यांच्या सुरात जाऊन बसला, चौकटीत दार बसावं तसा.

तेव्हा कळलं. हार्मोनियमवर बघाल तर ट्रंपेटचा मोकळा, खटका न दाबता येणारा सा काळी पाचला बोलतो. सॅक्सोफोनवर सा म्हणून शिकवतात ते बोट बोलतं काळी दोनला. म्हणजे सा नावाचं बोट दोघांकडं आहे, पण घरं वेगळी. उसात एकटीनं वाजवताना ते कळायची सोयच नव्हती. ऊस काय पट्टी सांगणार? तालमीत मात्र पहिल्या फुंकरीला कळलं असतं. दिरांनी आधीच्या सॅक्सोफोनवाल्याला वर्षानुवर्षं बँडमध्ये वागवलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं, यावर माझा आजही विश्वास नाही.

मी टेंपोतून उतरले. गाणं नव्या घरात हलवायचं तर सगळी बोटं बदलावी लागतात, ते चालता चालता होण्यातलं नव्हतं. म्हणून मी तो एकच सा धरला. लांब, सरळ, तंबोऱ्यासारखा. दिरांनी वळून बघितलं, पण खोट काढायला जागा नव्हती. नवऱ्यानं ढोल जरा हलका केला.

चावडीच्या वळणावर जावईबापूंचे ओठ गेले. नवशिका ट्रंपेट दाबून वाजवतो, आणि ऊन असलं की ओठ सुजून भजी होतात. सूर फाटला, मग नुसती हवा यायला लागली. मी सॅक्सोफोन पाठीवर टाकला आणि हात पुढं केला. "द्या हिकडं, जावईबापू. तुमी जरा घोड्यामागं चाला."

दिलं त्यांनी. मी मुखडा उचलला. वरचा सूर, ज्याच्यावर माझं नाव होतं, तो आला नाही. सॅक्सोफोननं ओठ मऊ केले होते. मी तो खालच्या अंगानं घेतला आणि मारुतीपर्यंत तसाच नेला. लोक नाचले. लोकांना खालचं-वरचं काय.

पारावर पोचल्यावर बागायतदार कौतुकानं काहीतरी म्हणाला, आणि दीर छाती काढून म्हणाले, "आमच्या वहिनींचं दोनी बाज्यावर हात हायत. मीच शिकायला लावलं."

टेंपोत बसा म्हणाले तेव्हा आला नव्हता एवढा राग मला तेव्हा आला. पण परक्याच्या दारात तमाशा नको म्हणून पाणी पिऊन गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांच्या अंगणात गेले. बँडमधले सगळे होते.

"भावजी, फुडच्या सुपारीपासनं मुखडा मी धरनार. सॅक्सोफोन मला वाटंल तवा."

"आवो वहिनी, जावयाचा मान ठिवाय नगं का?"

"मान ताटात ठिवा. दोन लाडू जास्त वाढा. बँडमधी न्हाय."

जावईबापू सुजलेल्या ओठांनी चहा फुंकत होते. ते म्हणाले, "मामा, वहिनींना धरू द्या. मला दुकतंय." मी खरं तर त्यांची चुलत सासू, वहिनी नव्हे, पण दुखण्यात कुणाच्या ध्यानात येतं. दिरांनी जावयाच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढची सुपारी सांगवीची होती. मी सगळ्यांच्या आधी टेंपोतून उतरले, सॅक्सोफोन पाठीवर, ट्रंपेट हातात, आणि पहिल्या रांगेत मधोमध जाऊन उभी राहिले. दीर टोपी नीट करत आले, मला बघितलं. मग ढोलाला सुरू करायची खूण केली.