दहा ठिकाणांची यादी

तो आठवडा मला आजही क्रमाने आठवतो, कारण त्याचा क्रम एका कागदावर छापलेला होता. वर मथळा होता, ‘बँकॉक : तरुणांनी चुकवू नयेत अशी दहा ठिकाणं’. पाठीवर सॅक टाकून स्वस्तात फिरणाऱ्या पोरांसाठी केलेली यादी. एक, राजवाडा आणि पाचूच्या बुद्धाचं मंदिर. दोन, पहुडलेल्या बुद्धाची दीडशे फुटी मूर्ती. तीन, होडीने नदी ओलांडून पहाटेचं मंदिर. चार, जगभरची सॅकवाली पोरं जिथे उतरतात ती गल्ली. पाच, शनिवार-रविवारचा मोठा बाजार. सहा, चिनी वस्तीतलं रस्त्यावरचं खाणं. सात, कालव्यातली लांब होडी. आठ, पाण्यावरचा बाजार. नऊ, थाई बॉक्सिंग. दहा, उंच इमारतीच्या गच्चीवरून दिसणारं शहर.

मी बँकॉकला कधी गेलो नाही. तरी ही दहा ठिकाणं मला माझ्या हद्दीतल्या गावांसारखी पाठ आहेत.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या सीमेवरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. उसाच्या ट्रॉलीचे अपघात, बांधावरची भांडणं, विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या, हे आमचं रोजचं काम. सोमवारी सकाळी हजेरी संपत असताना एक शिक्षक ठाण्यात आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली ती यादी. त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा एका मित्राबरोबर गुरुवारी बँकॉकला गेला होता. बारा दिवसांची सहल. रविवारी दुपारपासून मुलाचा फोन बंद होता.

“गुरुजी, फिरायला गेलेली पोरं आहेत. चार्जिंग संपलं असेल,” मी म्हणालो.

“साहेब, आमचं घर बौद्ध आहे. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिनं त्याला सांगितलं होतं, तिथं जाशील तेव्हा माझ्या वाटणीची वंदना कर. शुक्रवारी त्यानं पहुडलेल्या बुद्धापुढे वंदना करतानाचा फोटो पाठवला. रोज रात्री आठला आजीला फोन करीन म्हणाला होता. दोन दिवस केला. काल नाही.”

मी ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली आणि दुसऱ्या मुलाच्या वडिलांना बोलावलं. हे काटेवाडीच्या बाजूला ढोबळी मिरची आणि टोमॅटो करणारे शेतकरी. वय पंचावन्न, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या मुलाचा फोन चालू होता. आमच्यासमोरच त्याचा निरोप आला, ‘दोघंही मजेत. त्याचा फोन पाण्यात पडला.’ सोबत चिनी वस्तीतल्या खाण्याच्या गाड्यांचा फोटो.

गुरुजींचा चेहरा सैल झाला. माझाही झाला असावा.

मला आकड्यांची सवय आहे. किराण्याची यादीही मी टिकमार्क करत आणतो. गुरुजींच्या यादीची झेरॉक्स काढून मी फाइलला लावली आणि आलेल्या फोटोंसमोर खुणा केल्या. शुक्रवारी दोन, शनिवारी दोन, सोमवारी एक. मंगळवारी मोठ्या बाजाराचा फोटो आला, बुधवारी सकाळी कालव्यातल्या होडीचा. दहापैकी सात. बुधवारी दुपारी मी शेरा लिहिला, ‘संबंधित इसम संपर्कात असून सुखरूप आहेत.’ सही केली. पुढची फाइल उघडली.

तासाभराने तात्या आले. पायात चिखल, थेट वावरातून. त्यांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि बाजाराच्या फोटोवर बोट टेकवलं.

“साहेब, ह्यो कवा आला?”

“काल. मंगळवारी.”

“आन् यादीत काय लिवलंय?”

“शनिवार-रविवारचा बाजार.”

“मग त्यो मंगळवारी कसा भरला?”

मी म्हणालो, “तात्या, मोठं शहर आहे. भरत असेल रोज.”

“बाजार वाराला भरतो, साहेब. पोरगं सातवीत असल्यापास्नं माझ्याबरोबर टेम्पोत बसून बाजाराला येतंय. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी, झोपंतनं उठवून इचारा. त्यो वार चुकायचा न्हाय.” त्यांनी फोन उचलला नाही. “त्यानं मुद्दाम धाडलंय. मला कळावं म्हणून.”

समोर उभ्या असलेल्या हवालदाराने मोबाइलवर शोधलं. मंगळवारी तो बाजार बंद असतो.

मग मी सातही फोटो ओळीने लावून बघितले. पहिल्या चारांत दोन-दोन माणसं होती, हसणारी, घामेजलेली, पाठीवर सॅक. पुढच्या तीन फोटोंत दोघांपैकी एकही नव्हता. होडीचा फोटो सकाळी आला होता आणि त्यातलं ऊन मावळतीचं होतं. हे सगळं दोन दिवस माझ्या टेबलावर पडलेलं होतं. मी फोटो मोजले होते, माणसं मोजली नव्हती. फाइल मागवून मी माझाच शेरा खोडला आणि खोडल्याची सही केली.

सहल जुळवून देणारा एजंट इंदापूरला बसस्थानकाच्या बाजूला एका गाळ्यात बसायचा. तीस वर्षांचा, गोड बोलणारा. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा तो हवालदारालाच म्हणाला, “मामा, तुमीबी एकदा जाऊन या बँकॉकला. पोट कमी हुईल चालून चालून.”

“आधी तू आत चाल,” हवालदार म्हणाला.

तो तासभर एकच उत्तर देत राहिला. पोरं फिरतायत, फोटो येतायत, आणखी काय पाहिजे? मी आवाज चढवला नाही. पंचवीस वर्षांत एक शिकलो होतो, खोटं बोलणाऱ्याला त्याचाच कागद वाचायला द्यावा. मी यादी पुढे सरकवली.

“पाचवं ठिकाण वाच. मोठ्याने.”

त्याने वाचलं. मी फोटोची तारीख आणि वार दाखवला. मग मी फोटो एकामागून एक पुढे केले आणि विचारलं, “यात पोरं कुठं आहेत?”

तो रडायला लागला. पण त्याची नजर माझ्याकडे नव्हती, टेबलावरच्या स्वतःच्या फोनकडे होती. हा माणूस पोलिसांना घाबरलेला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी घाबरलाय, हे मला तेव्हा कळलं.

“माझा धाकटा भाऊ तितंच हाय, साहेब. आठ म्हैनं झालं. संगणकाची नोकरी म्हणून गेला. नदीच्या पलीकडं, दुसऱ्या देशात, तारेच्या कुंपणात ठेवलाय. दिवसभर फोनवरनं लोकांना फसवायचं काम. न्हाय केलं की मारतात. त्या लोकांनी त्याच्याच फोनवरनं मला सांगितलं, दोन पोरं धाड, ह्याला सोडतो.”

“सोडला?”

त्याने मान हलवली. नाही.

पद्धत त्याने सांगितली ती अशी. पहिले दोन दिवस पोरांना खरोखर शहर दाखवायचं, म्हणजे घरी खरे फोटो जातात. तिसऱ्या दिवशी धबधबा दाखवतो म्हणून गाडीत बसवायचं आणि सीमेवरच्या गावात एका घरात कोंडायचं. घरच्यांनी बोंब मारू नये म्हणून यादीतली उरलेली ठिकाणं पोरांच्याच हातून पाठवायची, फोटो इंटरनेटवरून घेतलेले. एक हिंदी समजणारा माणूस शेजारी बसून प्रत्येक निरोप वाचतो.

“आणि दहा पूर्ण झाले की?”

“मग शेवटचा निरोप जातो. हितंच नोकरी लागली, थांबतोय. फोन काढून घेत्यात. आन् नदीपलीकडं नेत्यात. पलीकडं गेलं की संपलं, साहेब. तिथनं कुणी आणू शकत न्हाय.”

सात झाले होते. तीन उरले होते.

गुन्हा दाखल केला, एजंटला अटक केली आणि त्याचा जबाब, गाडीवाल्याचा नंबर, सीमेवरच्या त्या घराचं त्याला ठाऊक होतं तेवढं वर्णन अधीक्षक कार्यालयाला पाठवलं. तिथून ते मंत्रालयामार्फत दूतावासाकडे आणि दूतावासाकडून तिथल्या पोलिसांकडे जाणार होतं. अधीक्षक साहेब म्हणाले, “दोन-तीन दिवस लागतील.” तात्यांच्या मुलाकडून रोज एक-दोन ठिकाणं उरकली जात होती. हिशेब जुळत नव्हता.

गुरुवारी सकाळी तात्या, त्यांची पत्नी आणि गुरुजी माझ्या खोलीत बसले होते. मी त्यांना खरं ते सगळं सांगितलं. माउलीने पदर तोंडात धरला. मग फोन वाजला. पाण्यावरचा बाजार. आठ.

फोटोत रंगीत छत्र्या होत्या, आंबे होते, होडीतल्या बाईच्या डोक्यावर टोपी होती.

गुरुजी हळूच म्हणाले, “साहेब, यादी संपल्यावर नेतात ना? मग यादी वाढवू या.”

एका पोलीस ठाण्यात, लॉकअपपासून वीस पावलांवर, आम्ही चौघं आणि हवालदार बँकॉकमध्ये तरुणांनी काय काय बघावं हे शोधत बसलो. हवालदार मोबाइलवरून वाचत होता आणि मी लिहून घेत होतो. फुलांचा बाजार. तीनशेवर पायऱ्यांची सोन्याची टेकडी. शहराच्या मधोमध एक बाग, तिथे तळ्याकाठी घोरपडी फिरतात. लोक मजेसाठी अशी यादी करतात.

निरोप माउलीने लिहायचा, असं ठरलं. आई रोज जशी लिहिते तसाच. शब्द मी सांगणार नव्हतो, कारण माझे शब्द पोलिसाचे वाटले असते. गुरुजींनी फोन खालून धरला. माउलीने लिहिलं, ‘लई भारी. गच्चीवर एवढ्यात जाऊ नगं, ती शेवटाला बघ. तात्यांना फुलांचा बाजार बघायचाय, त्याचा फोटो धाड. सोन्याची टेकडी बी बघ म्हणतोय तुजा मामा. बागेत घोरपडी हायेत त्या बघ. फोटो आला न्हाय की ह्यास्नी करमत न्हाय, गावभर इचारत बसत्यात.’

शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. त्या कोंडणाऱ्यांना हीच भीती होती, हे त्या माउलीने बरोबर ओळखलं होतं.

एकोणीस मिनिटं उत्तर नाही. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, एवढीच एक गोष्ट मला नक्की माहीत होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. तात्या म्हणाले, “कळलं वाटतं त्यांना.” माउली म्हणाल्या, “गप बसा वो.”

मग फोटो आला. झेंडूच्या पिवळ्या राशी. खाली एक ओळ, ‘तात्या, ह्यो बाजार रोज भरतो.’

तात्या उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. माउलींनी दोनदा डोळे पुसले आणि लिहिलं, ‘बरं झालं. आता टेकडी बघ.’

शुक्रवारी टेकडी आली आणि बॉक्सिंग आलं. प्रत्येक फोटोला माउली ‘लई भारी’ लिहीत होत्या. प्रत्येक वेळी लिहून झालं की बाहेर नळावर जाऊन तोंड धूत होत्या. आता बाग उरली होती आणि गच्ची. सगळी मिळून दोन.

शनिवारी अकराला घोरपडीचा फोटो आला. त्याखाली लिहिलं होतं, ‘आता गच्ची.’ त्या वाक्यात मुलाचं काहीच नव्हतं. कुणीतरी शेजारून सांगितलेलं वाटत होतं. माउलींनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे आणखी ठिकाण नव्हतं. त्यांनी स्वतःच लिहिलं, ‘ऊन उतरल्यावर जा. डोकं दुखंल.’

चार वाजून दहा मिनिटांनी अधीक्षक कार्यालयाचा फोन आला. तिथल्या पोलिसांनी नदीच्या अलीकडच्या एका घराचं कुलूप तोडलं होतं. आत अकरा मुलं होती. आमची दोन त्यात होती. गुरुजींच्या मुलाचा हात मोडला होता, कारण रविवारी त्याने गाडीतून उडी मारायचा प्रयत्न केला होता. बाकी जिवंत, चालती-बोलती. माउलींनी ऐकलं आणि खुर्चीवरून खाली फरशीवर बसल्या. गच्चीचा फोटो आला नाही.

बारा दिवसांनी मुलं परत आली. तात्यांच्या मुलाचा जबाब मी स्वतः घेतला. बाजाराचा फोटो मंगळवारीच का पाठवला, असं विचारल्यावर तो म्हणाला, “रविवारी त्यांनी बाजाराचा धाड म्हणून सांगितलं तवा मी म्हणालो, आदी खाण्याचा धाडतो. बाजाराचा मंगळवारपत्तर दाबून ठेवला. त्या माणसाला वाराचं काय ठावं? तात्यांना ठावं हुतं.”

गोष्ट इथे संपवता आली असती. पण एजंटला न्यायालयात हजर केलं त्या दिवशी त्याची आई मला पायऱ्यांवर भेटली. मला वाटलं, ती थोरल्यासाठी विनवणी करेल. तिने पिशवीतून फोन काढला. धाकट्याचे फोटो. आठ महिन्यांपूर्वीचे. मी मोजले. दहा.

“ह्यो शेवटचा,” ती म्हणाली. गच्चीवरून दिसणारं शहर, हजारो दिवे. “साहेब, तुमाला फोटोतलं कळतं म्हणत्यात. ह्यात माझं पोरगं कुठं हाय, तेवढं दाखवा.”

मी फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितला. मला आधीच माहीत होतं, तरी बघितला. मग तिला ठाण्यात नेलं, खुर्ची दिली आणि तिच्या धाकट्याची नोंद माझ्या अक्षरात लिहून घेतली. आठ महिन्यांत ती कुणी घेतलीच नव्हती. घरी दहा फोटो आणि नोकरी लागल्याचा निरोप आला होता, मग तक्रार कोण करणार?

या तपासाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी मोठं काही सांगत नाही. खूण करण्याआधी माणूस दिसतोय का ते बघावं, एवढंच. गेल्या वर्षी माझी मुलगी मैत्रिणींबरोबर सॅक घेऊन त्याच शहरात फिरायला गेली. मी अडवलं नाही. ती रोज मंदिरं आणि होड्या पाठवत होती, आणि मी प्रत्येक फोटोखाली एकच लिहीत होतो, ‘तू कुठे आहेस?’ ती चिडायची, पण वळून स्वतःचा फोटो काढून पाठवायची.

एजंटच्या आईला धाकट्याचा तसा फोटो अजून आलेला नाही. ती नोंद अजून उघडी आहे.