दिसत होतं, कळत नव्हतं

मी साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होतो. कारखाना श्रीरामपूरपासून फार लांब नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. बॉयलर अटेंडंटचं काम बाहेरच्या माणसाला सांगायला सोपं आहे. उसाचा चोथा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालवायचा. बॉयलरला एक उभी काच असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी फार वर गेलं तरी वाईट, खाली गेलं तर त्याहून वाईट. काचेतून पाणी दिसेनासंच झालं आणि तशात कुणी घाबरून आत पाणी सोडलं, तर बॉयलर कसा फुटतो हे आम्हाला शिकताना इतक्यांदा ऐकवलेलं असतं, की झोपेतसुद्धा विसरू नये.

म्हणून मी आयुष्यभर ती काच बघत आलो. गप्पा मारताना, डबा खाताना, तंबाखू मळताना डोळा आपोआप तिकडे जायचा. त्यात विशेष काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

सुरुवात कुठून झाली ते नीट सांगता येत नाही. दिवाळीच्या आसपास मला पेपर वाचता येईना. अक्षरं दिसायची, शब्द कळायचे, पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निघून गेलेली असायची. पुन्हा वरून वाचायचं, पुन्हा तेच. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. नवा चष्मा केला. अक्षरं जास्त ठळक दिसायला लागली, एवढंच.

मग एके दिवशी श्रीरामपूरच्या बाजारात गेलो. भाजी घेतली, बायकोनं सांगितलेला कुकरचा रबर घेतला आणि घरी आलो. ओट्यावर पिशवी ठेवली. बायको म्हणाली, "गाडी कुठंय?"

"कसली गाडी?"

"अहो, मोटरसायकल. सकाळी मोटरसायकलवर गेलात ना?"

मी बाहेर बघितलं. अंगण मोकळं होतं. मी माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपमध्ये बसून घरी आलो होतो. कुणाच्या शेजारी बसलो, कुठं उतरलो, काही आठवेना. गाडीची किल्ली मात्र खिशात होती. बायकोला हसू आलं, म्हणून मीही हसलो. परत जाऊन गाडी घेऊन आलो. येताना रस्ताभर हात गार पडले होते.

त्याला कारण होतं. माझ्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं. आधी चष्मा, मग पैसे, मग माणसं. एका दुपारी ते घरातून निघून गेले आणि आम्हाला कालव्याच्या पाटाच्या कडेला उभे असलेले सापडले. मी पळत जाऊन त्यांचा हात धरला, तर त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि फार आदबीनं विचारलं, "पाव्हणं, कुठलं म्हनायचं तुमी?"

ते वाक्य आता रोज माझ्या कानात यायला लागलं. वडिलांना हे सत्तरीनंतर झालं, मला पन्नाशीतच होतंय, असा हिशोब मी मनाशी पक्का केला. आणि मग तो लपवायला लागलो. कुणी बोलत असलं की मध्ये मध्ये "हां, बरोबर" म्हणायचं. नाव आठवलं नाही तर "काय पाहुणे" म्हणायचं. पुण्याहून मुलीचा फोन आला की बायकोच्या हातात द्यायचा, कारण मुलगी मागच्या वेळी काय सांगत होती ते मला आठवायचं नाही आणि तिला ते लगेच कळायचं. जेवणाला चव नव्हती. पहाटे लवकर जाग यायची आणि मग उगाच पडून राहायचो. पण दुःख म्हणावं तर तसंही काही नव्हतं. रडू आलं नाही. कुणाचा राग आला नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि ते मला तेव्हा चमत्कारिकसुद्धा वाटलं नाही.

कारखान्याच्या वाटेवर पाटाचा पूल आहे. पहिल्या पाळीहून येताना मी तिथं गाडी थांबवायला लागलो. धरणातून पाणी सोडलेलं असलं, आवर्तन चालू असलं की पाटाचं पाणी काठोकाठ भरून, अजिबात आवाज न करता जातं. मी कठड्याशी उभा राहून बघायचो. किती वेळ, ते कळायचं नाही. एकदा गावातला एक म्हातारा सायकल थांबवून म्हणाला, "काय पडलं का पान्यात?" मी म्हटलं, "नाही, असंच." तो थोडा पुढे गेला, थांबला, मागे वळून बघितलं. मी गाडीला किक मारेपर्यंत तो हलला नाही.

हंगाम जोरात होता. ऊस गाळायला टाकतात त्या गव्हाणीला उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागलेली. ती दुपार मला आठवते आणि आठवत नाही. मी बॉयलरसमोर नेहमीच्या जागी होतो. उकाडा होता, पंख्याची घरघर होती. मी काचेकडे बघत होतो. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मला कुणीतरी खांद्याला धरून हलवलं तेव्हाही माझे डोळे काचेवरच होते.

हलवणारा माझ्या हाताखालचा, भट्टी सांभाळणारा फायरमन होता, पाथर्डीकडचा, माझ्याहून बराच लहान. तो ओरडत होता, "दादा! आवो दादा! घंटी कवाची वाजतीया!"

तेव्हा मला घंटी ऐकू आली. पाणी कमी झाल्याची घंटी. ती मध्येच सुरू झाली नव्हती, ती आधीपासून वाजत होती, आणि माझ्या कानात आत्ता शिरली होती. काचेतलं पाणी अगदी तळाला आलं होतं. पाण्याचा पंप बंद पडला होता. मी सगळं बघत होतो. पाणी खाली सरकताना मी बघितलं असणार. दिसत होतं, कळत नव्हतं.

"दिसतंय का अजून पाणी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"दिसतंय. बोटभर हाय."

"दुसरा पंप चालू कर. चोथा थांबव."

त्यानं ते आधीच करायला घेतलं होतं. आम्ही दोघं काचेकडे बघत उभे राहिलो. पाणी जागचं हलेना. मग कंप पावल्यासारखं झालं आणि सावकाश वर चढायला लागलं. खाली गव्हाणीवर माणसं शिव्या देत, हसत गाड्या पुढे ढकलत होती. त्यांना काही कळलं नाही. काही झालंच नव्हतं.

फायरमननं कपाळ पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, म्या कुनाला सांगत न्हाई. पर तुमास्नी बरं न्हाई. लई दिवस झालं, म्या बगतोय."

त्यानं सांगितलं नसतं, हे मला माहीत आहे. पण मी खाली उतरलो तो सरळ इंजिनिअर साहेबांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "साहेब, मला बॉयलरवरून काढा."

"का? भांडण झालं का कुणाशी?"

"माझं डोकं जागेवर राहत नाही. आज पाणी खाली गेलं ते मला कळलं नाही. उद्याही कळणार नाही."

साहेब वयानं माझ्याहून लहान. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहून आधी माझ्या जागी दुसरा माणूस पाठवायचा फोन केला. मग म्हणाले, "घरी न्यायला कोण येईल?" मला घरचा नंबर आठवेना. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला.

बायकोला त्या दिवशी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे पुलाचं सोडून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मामंजींचं वेगळं होतं. त्यांना आपण विसरतोय हे माहीतच नव्हतं. तुम्ही तर सारखं तेच मोजत बसलाय." तिनं भावाला विचारून नगरच्या एका डॉक्टरचं नाव काढलं. मानसिक आजाराचे डॉक्टर आहेत म्हटल्यावर मी म्हटलं, मला वेड लागलेलं नाही. ती म्हणाली, "मग तसं त्यांना सांगा."

डॉक्टर बाई होत्या, मध्यम वयाच्या. त्यांनी वडिलांचं विचारलं, झोपेचं, भुकेचं विचारलं. रक्त तपासायला आणि डोक्याचा फोटो काढायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तीन शब्द सांगते, नंतर विचारीन. रताळं, कुलूप, बैल." आणि दुसरंच काहीतरी विचारायला लागल्या. हाच तो क्षण, असं वाटलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. रताळं आलं. कुलूप आलं. पुढे नुसती भिंत.

"एक जनावर होतं," त्या म्हणाल्या.

"बैल!"

"बघा. आत होतं. नुसतं बोट दाखवल्यावर सापडलं. तुमच्या वडिलांना असं बोट दाखवून सापडत होतं का?"

मी मान हलवली. त्यांना सापडत नव्हतं. बोट दाखवलं की ते बोटाकडे बघायचे.

"रिपोर्ट येऊ द्या, मग पक्कं बोलू. पण मला हे डिप्रेशन वाटतंय. त्यात लक्षच लागत नाही. जी गोष्ट नीट आत गेलीच नाही, ती आठवणार कशी?"

"पण मॅडम, मला दुःख कसलंच नाही."

"नसतंच कित्येकदा. काहीच वाटत नाही, असं असतं." मग त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "जीव नकोसा होतो का? कधी काही करून घ्यावं असं मनात येतं?"

बायको शेजारी बसली होती. मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि पुलाचं बोललो. गाडी थांबवतो, पाणी बघतो, का ते कळत नाही. एकदा कठड्यावर पाय ठेवला होता, तेही बोललो. ते मला स्वतःलासुद्धा बोलताना आठवलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि घरी पोचेपर्यंत, एसटीत तिकीट काढतानासुद्धा, सोडली नाही.

त्यानंतर मी एकट्यानं त्या पुलावरून गेलो नाही. तिनं गाडीची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. रिपोर्ट चांगले आले, डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्या, पण त्या लगेच लागू पडल्या नाहीत. सुरुवातीला उलट जास्त त्रास झाला. तोंड कोरडं पडायचं, डोकं जड व्हायचं, आणि गोळी घेतली की नाही हेच आठवायचं नाही. तेव्हापासून गोळ्यांची पट्टी तिच्याकडे. शेगडीपुढे मला एकटं सोडायची नाही. नंतर सोडायला लागली, पण अट घालून. चहा ठेवला तर उतरेपर्यंत तिथंच उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही. "एका वेळी एकच," ती म्हणायची. टीव्ही बंद करून बोलायची. मी विसरलो तर "परत?" असं कधी म्हणाली नाही, नुसतं सांगायची.

डॉक्टरांनी करतोय ते मोठ्यानं बोलायला सांगितलं होतं. मी दाराला कुलूप लावून म्हणायचो, "कुलूप लावलं." शेजारच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. पेपरातली एकच बातमी वाचायची, ती पण खालच्या ओळी हातानं झाकून. सकाळी डोकं चिखलासारखं असायचं, दुपारनंतर जरा निवळायचं. म्हणून लक्ष लागणारी कामं दुपारनंतर. काही दिवस बरे जायचे आणि मग एखाद्या दिवशी आंघोळीला गेलेला मी अंगावर पाणी न घेताच बाहेर यायचो. त्या दिवशी मला वाटायचं, डॉक्टर चुकल्या. रिपोर्ट चुकले. वडील मला बोलावतायत.

साहेबांनी मला वर्कशॉपमध्ये घेतलं होतं. पुढच्या हंगामात डॉक्टरांनी हो म्हटल्यावर बॉयलरवर परत गेलो, पण दुसरा अटेंडंट सोबत असेल तरच, ही माझीच अट होती. तो फायरमन त्या वर्षी आला नाही. त्यानं गावाकडे म्हशी घेतल्या, असं ऐकलं. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

गोळ्या अजून चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, घाई नको. हे पुन्हा येऊ शकतं, हेही त्यांनी लपवून ठेवलेलं नाही. पहाटे जाग आली की मी थोडा वेळ तसाच पडून अंदाज घेतो. अंगणात कुणी अनोळखी माणूस येऊन बसलाय का, असा कानोसा घ्यावा तसा.

परवा नेवाशाला साडूच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत बसलो होतो. जुने लोक भेटले, म्हणून बऱ्याच दिवसांनी मला बोलावंसं वाटलं. कारखान्यातला एक जुना किस्सा सांगायला घेतला. सगळे ऐकत होते. आणि ऐन मोक्याच्या ठिकाणी, ज्याची गोष्ट सांगत होतो त्या माणसाचं नाव गेलं. नुसतं नाव नाही, त्यानं काय केलं तेही गेलं. माझ्याकडे वळलेले चेहरे, हातात थांबलेले घास. पूर्वी मी हसून वेळ मारून नेली असती.

"विसरलो," मी म्हटलं. "थांबा जरा."

सगळे थांबले. बायको समोरच्या ओळीत बसली होती, तिनं तिथूनच माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली. नाव आलं नाही. वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला, लोक त्याच्याकडे वळले, आणि कुणीतरी दुसराच विषय काढला. माझ्या छातीत मात्र धडधडत राहिलं. मी पानावरची जिलबी सावकाश मोडली आणि खाल्ली. ती गोड लागली.